रेघेच्या अलीकडे

माझ्या हातातली चादरीची दोन्ही टोकं सुटली तेव्हा धाकटे साहेब हसतच होते. त्यांना वाटलं, आनंदाने सुटली. खोलीतल्या बाकीच्या बायकांनाही आधी तसंच वाटलं असावं, कारण टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि सुरू झालेल्या टाळ्या मध्येच थांबवणं कुणालाच जमत नाही. नुकतीच इस्त्रीच्या रोलरमधून निघालेली, अजून कोमट असलेली हॉटेलची ती भलीमोठी पांढरी चादर माझ्या पायांवर आणि पुढच्या फरशीवर पसरली. पलीकडची दोन टोकं माझ्या जोडीच्या काकूंच्या मुठीत तशीच घट्ट होती. काकू माझ्याकडे बघत होत्या. "पहिल्या तारखेपासून घडीच्या खोलीची प्रमुख," साहेब पुन्हा म्हणाले, मला ऐकूच आलं नाही अशा समजुतीने. "आणि पगारातही वाढ, अर्थातच." त्या 'अर्थातच'वर मी अडखळले. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. मी वाकून चादर गोळा करायला लागले. फरशीला टेकलेली चादर पुन्हा धुवायला जाते, तसा नियम आहे, आणि नियम मोडला की हात आपोआप खाली जातात. "राहू दे गं," साहेब म्हणाले, "आज एक चादर माफ."

धाकटे साहेब म्हणजे आमच्या लाँड्रीचे मालक. थोरले साहेब जाऊन इतकी वर्षं झाली, ह्यांचे स्वतःचे केस पिकले, तरी लाँड्रीत ते धाकटेच राहिले. माणूस वाईट नाही. हे वाक्य मी त्या दिवसापासून मनात इतक्यांदा म्हटलंय की जिन्याच्या कठड्यासारखं ते गुळगुळीत झालंय. खरंच वाईट नाही. माझी ठकी झाली तेव्हा त्यांनी घरी दुपटी पाठवली होती, मऊ, हॉटेलच्या जुन्या टॉवेलांची नव्हे, दुकानातली. आणि हे पद त्यांनी मला उगाच दिलेलं नव्हतं, ते मी कमावलं होतं. कुठल्या हॉटेलची उशीची खोळ कुठल्या गठ्ठ्यात जाते, कुणाला साबणाचा वास सोसत नाही, कुणाचा खांदा दुखतो म्हणून तिला छोटे नॅपकिन द्यायचे, हे सगळं मी न सांगता करत होते. मला ते पद हवं होतं. सकाळी केस विंचरताना मी कधीकधी आरशातल्या मला 'प्रमुखबाई' म्हणत असे आणि लाजून फणी खाली ठेवत असे. मग हातातून चादर का सुटावी? टाळ्या संपल्या. गाणारीने, ती दिवसभर गुणगुणत असते म्हणून गाणारी, पुन्हा गुणगुणणं सुरू केलं. काकू आणि मी पुढची चादर धरली. दोघींनी टोकं धरून झटकायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक द्यायचं, मागे जायचं, पुन्हा यायचं. इतकी वर्षं आम्ही अशा दिवसभर एकमेकींकडे चालत जातो. जवळ आल्यावर काकू ओठ न हलवता म्हणाल्या, "रेघ?" मी मान हलवली. "अगंबाई," काकू म्हणाल्या आणि मागे गेल्या.

रेघ आमच्यात सगळ्यांना माहीत असते. खरं नाव लांबलचक आहे, सरकारी आहे, ते कुणी घेत नाही. नवराबायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न एका आकड्याच्या खाली असेल तर पाळणाघराच्या फीचा मोठा वाटा सरकार भरतं. त्या आकड्याच्या वर एक नाणं जरी चढलं, की सगळीच्या सगळी फी तुमची. हळूहळू कमी होत नाही. काल होतं, आज नाही. वाढ जितकी मिळते त्याच्या कितीतरी पट फी अंगावर येते, वर त्या वाढीवर कर कापला जातो तो वेगळाच. म्हणजे मालक पाठीवर थाप मारतात आणि आपण तोंडघशी पडतो. बसमधून घरी जाताना मी खिडकीच्या काचेवर बोटाने उगाच एक आडवी रेघ ओढली आणि मग ती शेजारच्या बाईला दिसली असेल म्हणून तळहाताने पुसून टाकली. ज्या कुणी ती खरी रेघ आखली त्याने कडेवर मूल घेऊन ती कधी ओलांडलेली नसणार. तो चांगलाच माणूस असेल. गरिबांना मिळावं, सांडू नये, असंच त्याला वाटलं असेल. त्याला कुठे ठाऊक, की त्याच्या रेघेला डोकं लागू नये म्हणून माणसं वाकून चालायला शिकतात, आणि मग वाकून चालायची सवय होते, आणि मग वाकलेल्या माणसाला बघून लोक म्हणतात, ह्यांना वर यायचंच नसतं.

आमच्याकडे तर वर्षाखेरीला सर्दी येते. हा विनोद आहे, पण आम्ही हसत नाही. कराचं वर्ष संपत आलं की घडीच्या खोलीत एकेकीला खोकला सुरू होतो. जिची रेघ जवळ आली असेल ती बिनपगारी रजा टाकते, नाक लाल करून. तिचं काम बाकीच्या उचलतात, म्हणजे ज्यांची पोरं मोठी झाली आहेत किंवा ज्यांना पोरंच नाहीत त्या. कुणी कुणाला काही सांगत नाही. काकू नुसतं विचारतात, "सर्दी झाली का गं तुला?" आणि आपण म्हणायचं, "होईलसं वाटतंय काकू." मग काकू मनाशी जुळवाजुळव करतात, की ही शनिवारी आजारी पडेल, ती सोमवारी. एकदा एक नवी मुलगी खरोखरच तापाने फणफणली तर तिला कुणी विचारेचना, सगळ्या म्हणाल्या, हिची लवकर आली यंदा. धाकट्या साहेबांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं खोलीत ओल आहे. तीन-चार वर्षं बायका नेमक्या त्याच महिन्यात आजारी पडतात हे त्यांनी बघितलं, मनाला लावून घेतलं, आणि भिंतीला भोक पाडून दमट हवा बाहेर ओढणारा हा एवढा मोठा पंखा बसवला. बसवताना स्वतः उभे होते. "तुमच्या तब्येतीपेक्षा पैसा मोठा नाही," म्हणाले. पंखा बसवल्याबद्दल त्यांना करात सूट मिळाली, ते नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. आम्हाला पुढल्या वर्षी पुन्हा सर्दी झाली. तेव्हा ते पंखेवाल्यावर चिडले.

घरी आले तर नवरा आधीच आलेला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, उंच उंच इमारतींतल्या. ठकीला पाळणाघरातून आणून त्याने तिला बादलीत उभं केलं होतं आणि ती 'वर, वर' म्हणत होती, म्हणजे तिला लिफ्ट व्हायचं होतं, आणि तो तोंडाने घर्रर्र आवाज करत तिला उचलत होता. तिचं पोट पाण्याने चमकत होतं. मी दारातच सांगून टाकलं. "प्रमुख?" तो म्हणाला. "घडीच्या सगळ्या खोलीची? अगं मग तोंड असं का केलंयस?" त्याने ठकीला ओल्या अंगाने माझ्याकडे दिलं आणि दोघींना मिळून मिठी मारली, माझा कामावरचा डगला भिजला. मग मला त्याच्या छातीत कळलं की त्याला कळलं. मिठी सैल झाली नाही, तिच्यातला दम गेला. "किती?" त्याने विचारलं. मी सांगितलं. "एवढीच?" तो म्हणाला. "थोडी जास्त असती तरी..." "थोडी जास्त असून काय, खूप जास्त पाहिजे. मधलं काहीच चालत नाही." तो टॉवेलने ठकीचे केस पुसायला लागला, अगदी हळू, काच पुसावी तसे. थोड्या वेळाने म्हणाला, "मी एक दिवस कमी करतो. आठवड्यातला एक दिवस. मग दोघांचं मिळून रेघेच्या खाली राहील." "म्हणजे मी वर जायचं म्हणून तू खाली यायचं." "लिफ्ट अशीच चालते," तो म्हणाला. "तिच्या दुसऱ्या टोकाला वजन टांगलेलं असतं. ती वर गेली की ते खाली येतं. लोकांना दिसत नाही एवढंच." त्याला बरं वाटावं म्हणून मी हसले. ठकी म्हणाली, "बाबा खाली नको." तिला काय समजलं कोण जाणे. त्या बाबतीत तिचं आणि माझं एकमत होतं.

त्या रात्री झोप लागली, नाही असं नाही. पण झोपेतही हात चादर धरल्यासारखे वर वर येत होते म्हणे, नवऱ्याने सांगितलं. आणि पहाटेच्या त्या पातळ झोपेत मला सारखे माझे बाबा दिसत होते, घरात, कामाच्या दिवशी, भर दुपारी. लहानपणी मला बाबांची एकाच गोष्टीसाठी लाज वाटायची. ते लेथवर काम करायचे, मशीनचे भाग कातायचे, आणि दरवर्षी ठरावीक दिवसांत ते घरी बसत. स्टूल दुरुस्त करत, नळाचं वायसर बदलत, नको त्या गोष्टीला पॉलिश करत. आई भांडी आपटत म्हणायची, "आमच्याकडे सणासारखी सुस्ती येते, वर्षातून एकदा." शेजारच्या मुलीने मला विचारलं होतं, तुझ्या बाबांना काढून टाकलं का? मी म्हटलं होतं, हो. खोटं सांगायला सोपं पडलं. बाबांनी फोरमन व्हायचं नाकारलं तेही मला ठाऊक होतं, कारण आई त्यावरून कित्येक दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. त्यांनी ज्याला काम शिकवलं तो फोरमन झाला आणि बाबा त्याला साहेब म्हणायला लागले. त्यात त्यांना काही वाटत नसे असं मला वाटायचं. आता वाटतं, असं कसं वाटलं नसेल? माझ्या शाळेची फी माफ होती. ती माफी त्यांच्या घरी बसण्यातून येत होती, त्या पॉलिश केलेल्या स्टुलातून, हे मला कुणी सांगितलं नाही. बाबांनी तर नाहीच. त्यांनी मला शिकू दिलं आणि स्वतःला आळशी म्हणवून घेतलं. आणि मी शिकून काय केलं, तर घडीच्या खोलीत येऊन सर्दी व्हायला शिकले. अंथरुणात पडल्या पडल्या मला एवढी अस्वस्थता आली की मी उठून ठकीच्या अंगावरचं पांघरूण उगाच काढून पुन्हा घातलं. तीही कधीतरी माझ्याबद्दल असंच म्हणेल का, की आईला वर जायचंच नव्हतं?

सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये नाही म्हणायला गेले. वाटेत वाक्य जुळवलं होतं, 'साहेब, घरी लहान मूल आहे, जबाबदारी झेपणार नाही.' लोकांना आवडणारं वाक्य. बाईने म्हटलं तर कुणी खोदून विचारत नाही. पण साहेबांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि म्हणाले, "घाबरतेस कशाला? माझ्यापेक्षा ती खोली तुला जास्त कळते." आणि माझं जुळवलेलं वाक्य राहूनच गेलं. खरं सांगितलं. रेघ कुठे आहे, वाढ किती, फी किती, आणि उरतं काय. ते ऐकत गेले, भुवया वर जात गेल्या. "असं कसं? वाढ दिल्यावर माणूस गरीब कसा होईल?" "होतो साहेब." "हे बरोबर नाही," ते म्हणाले, आणि मला त्यांचा तो राग इतका खरा वाटला की माझा माझ्यावरचा ताबा गेला. मी म्हणाले, "म्हणून तर वर्षाखेरीला सगळ्यांना सर्दी होते ना." शब्द तोंडातून गेले ते गेले. साहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला. त्यांची नजर खिडकीतून पलीकडच्या भिंतीवरच्या पंख्याच्या जाळीवर गेली. मला वाटलं, आता संपलं, सगळ्यांचंच. पण ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "आणि मी भिंत फोडली!" ते म्हणाले. "अगं, मला सांगायचं तरी. बरं, ते जाऊ दे, त्याची सूट मिळाली म्हणा."

मग ते पुढे वाकून, घरातल्या वडीलधाऱ्यासारखे, मला त्यांची रीत सांगायला लागले. "मी स्वतः पगार फारसा घेतच नाही. घर कंपनीचं, गाडी कंपनीची, फोन कंपनीचा. जे उरतं ते आतच ठेवायचं. कागदावर बघशील तर मी तुझ्याहून फार वर नाही. आमचा हिशेबनीस हुशार आहे. सगळं नियमात." खरोखर सगळं नियमातच होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. "तुलाही तसंच काहीतरी करू. पगार नको तर गाडी देऊ का, जुनी पडलीय ती?" "गाडीने फी भरता येत नाही साहेब." "तेही खरं." त्यांनी हिशेबनिसाला फोन लावून विचारलं. हिशेबनीस पलीकडून काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण साहेबांनी फोन ठेवताना खांदे उडवले. "म्हणतो, नोकरांना नाही चालत तसं. ती सोय मालकालाच." ते खरंच हिरमुसले. आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "मग असं करू. पद घे, किल्ल्या घे, वाढ राहू दे. म्हणजे पाळणाघर जाणार नाही आणि मानही मिळेल. हं? तुझं नुकसान काहीच नाही." मी मनात ते फिरवून फिरवून बघितलं, चादरीवर डाग कुठे दिसतो का बघावं तसं. दिसला नाही. मला ते पद हवं होतं. मला ठकीही पाळणाघरात हवी होती. दोन्ही मिळत होतं. "थँक्यू साहेब," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "अगं, थँक्यू तुला," ते म्हणाले. तेव्हाही त्यात मला काही खटकलं नाही, फक्त केबिनमधून निघाल्यावर मी दोनदा मागे वळून बघितलं, काही विसरले का म्हणून.

प्रमुख झाल्यावर कळलं की प्रमुख घडी घालत नाही. किल्ल्या खिशात, खिसा एका बाजूला ओढलेला, आणि हात रिकामे. दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा काकूंच्या समोरून जवळ येई, लांब जाई. मी सकाळी सगळ्यांच्या आधी जायचे आणि सगळ्यांच्या नंतर निघायचे. ठकी पाळणाघरात शेवटचं मूल राहायला लागली. पाळणाघराच्या ताई तिला मांडीवर घेऊन दारात बसलेल्या असायच्या. एवढं सोडलं तर सगळं ठीक होतं. घरी नवरा मला "प्रमुखबाई" म्हणायचा आणि मी लाडाने त्याला उशी फेकून मारायचे. पण कधीतरी भांडी विसळताना वाटायचं, मी रोज किती काम फुकट करते? विचार पुरा व्हायच्या आत मी पाण्याची धार मोठी करायचे.

मग दरवर्षीची वाढ जाहीर व्हायची वेळ आली. मोठी नसते ती, पण बायका तिच्यावर डोळे लावून असतात. साहेबांनी मला बोलावलं. "ह्यावर्षी मी नीट विचार केलाय," ते म्हणाले. "तू मला जे दाखवलंस ना, ते मी विसरलेलो नाही. वाढ देऊन मी त्यांना खड्ड्यात ढकलत होतो इतकी वर्षं. यंदा कुणालाच वाढ नाही. कुणी रेघ ओलांडायला नको. तूच सांग त्यांना, तुझं ऐकतील. तूसुद्धा घेत नाहीस ना?" त्यांच्या चेहऱ्यावर दुपटी पाठवणाऱ्या माणसाचं समाधान होतं. मी हो म्हणाले. जिना उतरले. रोलर बंद करायला लावला, कारण त्याच्या आवाजात बोलता येत नाही, आणि बंद केल्यावर वाटलं, आवाज असता तर बरं झालं असतं. मी सांगितलं. साहेबांच्याच शब्दांत सांगितलं, कारण त्या शब्दांत ते चांगलं वाटत होतं.

गाणारीचं गुणगुणणं थांबलं होतं. मग काकू म्हणाल्या, "माझी कुठली गं रेघ?" शांतपणे म्हणाल्या. "माझी पोरं मोठी होऊन मलाच लहान मूल समजायला लागली. माझं सरकारकडून काय जाणार आहे? मला गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं ह्या वाढीवर." गाणारी म्हणाली, "मी तर लग्नच केलेलं नाही. मला कुठून रेघ!" आणि कुणीतरी खिदळलं, पण तेवढ्यापुरतंच. "साहेबांना जाऊन विचारा ना," मी म्हणाले. "विचारून आले," काकू म्हणाल्या. "कालच कानावर आलं, तेव्हाच गेले होते. म्हणाले, तुमची प्रमुखच घेत नाही, तर तुम्ही कशा मागता? बोल. काय सांगू मी त्यांना?" मी म्हणाले, "काकू, ठकीसाठी..." "मला का ठकीचं ठाऊक नाही? ती पोटात असताना तुझ्या वाटच्या ओल्या चादरी कोण उचलत होतं?" काकूंचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला भांडता आलं असतं. "तुझ्यावर राग नाही गं. पण तू खाली उभी आहेस ना, म्हणून आम्हाला वर सरकता येत नाही. एवढंच आहे ते." आणि त्यांनी स्वतःच जाऊन रोलर चालू केला.

दुपारभर मी काय केलं ते आठवत नाही. गठ्ठ्यांमधून चालत राहिले. पंख्याचा आवाज डोक्यात घुमत होता. कर, माफी, सूट, हे शब्द मी जन्मभर ऐकत आले होते आणि ते पाऊसपाण्यासारखे वरून येतात असंच धरून चालले होते. पडलं तर छत्री उघडायची. माझ्या छत्रीचं पाणी काकूंच्या अंगावर गळतंय हे मी बघितलंच नव्हतं. आणि साहेबांच्या अंगावर एक थेंब नाही. त्यांनी कुणाचं काही चोरलं नव्हतं. त्यांनी फक्त माझं फुकटचं काम घेतलं, त्यातून सगळ्यांची वाढ अडवली आणि आम्हाला वाचवलं म्हणून रात्री शांत झोपले. मी तरी काय चोरलं होतं? कुणीच काही केलं नव्हतं. तरी काकूंचा गुडघा तसाच राहणार होता.

संध्याकाळी वर गेले. "साहेब, मला वाढ पाहिजे." त्यांनी चष्मा काढला. "पण तुझं नुकसान होईल." "होय." "पाळणाघर जाईल." "होय साहेब." "मग कशाला? मला समजावून सांग. मी तुझ्या भल्याचंच बघतोय ना?" मला नीट समजावता आलं नाही. मी म्हणाले, "बाकीच्यांना एकेकीला विचारा. सगळ्यांची रेघ एका जागी नाही. काहींना तर रेघच नाही." "म्हणजे सगळ्यांना द्यावी लागेल," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मालकासारखा आला. हात पुढे धरून उभी राहिले, घडी घालायला उभ्या राहतो तशी. शेवटी ते म्हणाले, "बघतो." त्यांनी बघितलं. दरवर्षीपेक्षा कमी, पण सगळ्यांना मिळाली. पदाची ठरलेली वाढही मला पूर्ण मिळाली. धाकटे साहेब माझ्याशी अजून नीट बोलतात, फक्त 'अगं' म्हणत नाहीत, 'बाई' म्हणतात.

नवऱ्याला मी आधी न विचारता हे केलं होतं. सांगितल्यावर तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. "मला विचारायचंस," तो म्हणाला. "विचारलं असतं तर तू एक दिवस कमी केला असतास." "तेवढ्याने आता भागणार नाही, वर्षाची वाढही वर चढलीय." "माहीत आहे." "बघ, तुझं तुलाच माहीत असतं सगळं," तो म्हणाला, आणि त्या रात्री तो माझ्याकडे पाठ करून झोपला. पहाटे त्याचा पाय मात्र माझ्या पायावर होता. पाळणाघराच्या ताई म्हणाल्या, "अभिनंदन, पगार वाढला म्हणजे. पण जागा सोडलीत तर पुन्हा मिळेल असं सांगता येणार नाही हं. रांग मोठी आहे." ठकीच्या खणातलं सामान त्यांनी पिशवीत भरून दिलं. त्यात एक मोजा दुसऱ्याच कुणाचा होता, तो मी परत केला.

आता मी पहाटेची पाळी करते आणि तो दुपारपासून उशिरापर्यंतची, बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढायची. त्या पाळीला जास्त पैसे नाहीत, पण ती वेळ आमच्या उपयोगाची आहे. सकाळभर ठकी त्याच्याकडे, दुपारनंतर माझ्याकडे. लाँड्रीच्या फाटकासमोर बसचा थांबा आहे. मी सुटते तेव्हा तो तिला घेऊन तिथे आलेला असतो, हत्यारांची पिशवी पायाशी, आणि त्याची बस बहुतेक वेळा वळणावर दिसायला लागलेली असते. "जेवली नाही नीट," तो म्हणतो. किंवा "आज तीन शब्द जोडून बोलली, उठली की विचार तिला." किंवा नुसतं "दमलीस?" मी म्हणते, "नाही. तू?" तोपर्यंत दार उघडलेलं असतं. ठकी त्या वेळेला झोपलेली असते. तिला जागं न करता त्याच्या खांद्यावरून माझ्या खांद्यावर घ्यायचं आम्हाला आता जमलंय. आधी डोकं, मग पाय. ती झोपेतच उसासा टाकते आणि माझ्या मानेत तोंड खुपसते. बस निघून जाते. मग मी तिचा चेहरा जरा वळवून बघते. गालावर त्याच्या शर्टाच्या शिवणीची लालसर रेघोटी उमटलेली असते, थोड्या वेळात जाणारी. ती जायच्या आत मी तिच्यावर ओठ टेकवते, आणि तिथे अजून थोडा तो असतो.